झोपवून काढलेला ईसीजी

ऑक्सिमीटरवर दोन आकडे दिसतात. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये ते यंत्र घरोघरी आलं आणि सगळ्यांची नजर ऑक्सिजनच्या आकड्यावर खिळली. ९४च्या खाली गेला की धावपळ, वर असला की जिवात जीव. सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं आणि पुन्हा बोट घालून बघायचं, हेही सगळे करत होते. त्याच पडद्यावरचा दुसरा आकडा नाडीचा असतो. माझं दुखणं त्या दुसऱ्या आकड्यात होतं, आणि त्याचा अर्थ लागेपर्यंत वर्ष सरत आलं.

मी तासगावात राहते, हायस्कूलला गणित शिकवते. दुसऱ्या लाटेत आमच्या घरात सगळ्यांनाच कोविड झाला. माझा सौम्य होता. सीटी स्कोअर कमी, ऑक्सिजन ठीक, घरीच विलगीकरण. सासूबाईंना मात्र सांगलीत ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, त्यामुळे माझ्याकडे बघायला मलाच सवड नव्हती. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, घर पुन्हा रांगेला लागलं, आणि मग जाणवायला लागलं की ताप जाऊन कितीतरी आठवडे झाले तरी भाकऱ्या करताना माझं काळीज नुसतं उडतंय.

पहिली भाकरी तव्यावर जाईपर्यंत काही नसायचं. दुसऱ्या-तिसऱ्या भाकरीला छातीत धडधड सुरू व्हायची, ठोके कानात ऐकू यायचे, हात थरथरायचे, समोरचं सगळं फिकट वाटायचं. चक्कर येऊन पडले असं कधी झालं नाही. गॅस बंद करून खाली फरशीवर बसलं की हळूहळू ओसरायचं, आडवं झालं की लवकर ओसरायचं. सकाळी कढत पाण्याने आंघोळ केली की बाथरूममधून बाहेर येऊन आधी पलंग गाठायचा. एकदा ओट्याशी उभी असतानाच ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ९८, नाडी १३४.

नवरा म्हणाला, "९८ आहे की, चांगलं आहे."

घरचं निदान अशक्तपणा. अंडी, खजूर, बीट सुरू झालं. आमचे फॅमिली डॉक्टर आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ओळखतात, भला माणूस. त्यांनी ईसीजी काढला, तो साफ आला. हिमोग्लोबिन ११.८, थायरॉईड नॉर्मल, साखर नॉर्मल. "कोविडनंतर असं होतंय बऱ्याच जणांना, दमानं घ्या," असं म्हणून त्यांनी एक सलाईन लावली. त्या दिवशी संध्याकाळी मी सगळा स्वयंपाक उभ्याने केला आणि काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. ती सलाईन लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग सांगलीला हृदयाच्या डॉक्टरांकडे. तिथे पुन्हा ईसीजी, टू-डी इको, टीएमटी. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडपा, भिंती, पंपिंग सगळं उत्तम. टीएमटी म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून बघायची चाचणी. पट्टा सुरू झाल्या झाल्या ठोके १४०च्या पुढे गेले, पण ती चाचणी मुळात हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का हे बघण्यासाठी असते. तसं काही दिसलं नाही, म्हणून कागदावर 'निगेटिव्ह' आलं. शेवटी होल्टर लावला. छातीवर चिकटवलेल्या तारा, कमरेला डबी, २४ तास आंघोळ नाही, आणि सोबत एक छापील कागद: कधी काय केलं, कधी काय त्रास झाला ते वेळेसह लिहायचं.

मी तो कागद मन लावून भरला. सकाळी साडेआठला उभ्याने केस विंचरले, धडधड. अकरा चाळीसला पोळ्या, धडधड, बसले. दुपारी झोपले, काही नाही. रिपोर्ट आला तेव्हा त्यात रात्रीचे सगळ्यात कमी ठोके ५८, दिवसाचे सगळ्यात जास्त १४८, सरासरी ८९, आणि खाली शेरा 'सायनस टॅकिकार्डिया'. डॉक्टरांनी समजावलं, की ठोका जिथून निघायला हवा तिथूनच निघतोय, लय नीट आहे, फक्त वेग जास्त आहे. हृदयातल्या विजेच्या वाटेत गडबड असलेला, अचानक सुरू होऊन अचानक थांबणारा जो प्रकार असतो तो हा नव्हे. हे महत्त्वाचं होतं, मी ते कमी लेखत नाही. धोक्याच्या कितीतरी गोष्टी त्या एका चाचणीने बाजूला झाल्या. पण रिपोर्टमध्ये १४८ ठोक्यांची वेळ ११ वाजून ४२ मिनिटं होती, आणि माझ्या कागदावर अकरा चाळीसच्या पुढे 'पोळ्या' लिहिलेलं होतं. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून कुणी बघितले नाहीत. मी उभी आहे की आडवी, हे त्या यंत्राला कळत नाही. ते फक्त माझ्या कागदावर होतं, आणि तो कागद फाईलच्या तळाशी गेला.

इथून पुढे 'टेन्शन' हा शब्द आला. "मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मनावर घेताय तुम्ही." सासूबाईंचं आजारपण, दीर-जावेची नोकरी गेलेली, त्या वर्षी आमच्या गल्लीतून गेलेली माणसं. टेन्शन होतंच, ते नाही म्हणणारं त्या वर्षी कोण होतं? रात्री झोपताना घ्यायची एक गोळी मिळाली. झोप छान लागायची. सकाळी ओट्याशी उभी राहिले की तीच धडधड. घरातल्यांना मात्र आता एक कारण मिळालं होतं, आणि मिळालेलं कारण घर सहजासहजी सोडत नाही. मी बसले की "उगाच विचार करत बसू नकोस", मी झोपले की "सारखं झोपून राहिल्यावर असंच व्हायचं". यात कुणाचा दुष्टावा नव्हता. फाईलभर कागद नॉर्मल सांगत असताना त्यांनी तरी कशावर विश्वास ठेवायचा?

शाळा ऑनलाइन होती तोवर मी खुर्चीत बसून मोबाइलवर शिकवत होते, म्हणून निभावलं. ४ ऑक्टोबर २०२१ला शाळा उघडल्या. मैदानावर प्रार्थना भरवायची नाही असा नियम, त्यामुळे परिपाठ वर्गातच. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, त्यात मी कशीबशी तरायचे. प्रतिज्ञा आणि प्रार्थना जोडून आल्या की टेबलाची कड घट्ट धरावी लागायची. पण खरा घोळ फळ्याशी. दहावीला वर्गसमीकरणं चालू होती. सूत्राने एक उदाहरण सोडवायचं म्हणजे फळ्यासमोर एका जागी सलग उभं राहणं. चौथ्या-पाचव्या ओळीला अक्षर तिरकं जायला लागायचं, डोकं सुन्न, आणि मला येत असलेलं उत्तर मला आठवायचं नाही. पुढच्या बाकावरची मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, बसा की जरा, आम्ही सोडवतो." शिक्षक-खोलीत जाऊन चप्पल काढली तर पावलं जांभळट लाल.

त्याच दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. बाकांमधून फिरत वह्या तपासल्या तर मी बराच वेळ तग धरते. एका जागी उभी राहिले तर नाही. म्हणजे श्रम जास्त झाल्याने होत नव्हतं, उलट चालण्याने कमी होत होतं. हे टेन्शनच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

मग मी चौकटीची वही घेतली. तीन रकाने: आडवी, बसून, उभी. सकाळी उठायच्या आधी, दुपारी, संध्याकाळी. उभ्याच्या रकान्यात एक मिनिटाने, तीन, पाच आणि दहा मिनिटांनी. बाजूला काय खाल्लं, किती पाणी प्यायले, पाळी कधी आली. नवऱ्याकडे मोबाइलचं घड्याळ. सुरुवातीला तो माझ्या समाधानासाठी उभा राहायचा. नंतर आकडा वाचण्याआधीच तो त्याला माहीत असायचा. आडवी असताना ७२ ते ७८, बसल्यावर ९०च्या आसपास, उभं राहून दहा मिनिटांनी १२५ ते १३५. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. भरपेट भात खाल्ल्यावर जास्त. पाळीच्या दिवसांत सगळ्यात जास्त. आलेख काढला तर रोजची रेघ त्याच वळणाने चढत होती. मनातली भीती रोज इतकी शिस्तीत चढत-उतरत नाही, एवढं मला गणिताने सांगितलं.

ही वही एका डॉक्टरांनी उघडलीही नाही. दुसऱ्यांनी सल्ला दिला की सारखं मोजत बसल्यानेच ठोके वाढतात, ते यंत्र कपाटात ठेवून द्या. मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मी गेले, आणि जाताना मनात राग होता हे खरं. पण माझं पूर्ण ऐकून घेणारे पहिले डॉक्टर तेच निघाले. त्यांनी विचारलं, "धडधड सुरू होते त्या क्षणी मनात काय चाललेलं असतं?"

"काही नाही. भाकरी करपू नये, एवढंच."

"आधी भीती वाटते आणि मग धडधड, की आधी धडधड?"

"आधी धडधड. भीती नंतर, पडेन की काय अशी."

"झोपलेली असताना, रात्री दचकून उठून, कधी झालंय?"

"कधीच नाही."

त्यांनी रात्रीची गोळी हळूहळू कमी करून बंद करायला सांगितली आणि चिठ्ठीवर लिहिलं, की हा चिंतेचा विकार वाटत नाही, उभं राहण्याशी संबंध स्पष्ट आहे, मेडिसिनच्या तज्ज्ञांनी तपासावं. घरात मानसोपचाराचं नाव निघालं की आवाज खाली जातो. मला मात्र त्या खोलीतूनच पुढची वाट सापडली, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आमच्या भागात अवघड दुखणं असलं की माणूस मिरजेला जातो. तिथल्या एका मेडिसिनच्या डॉक्टरबाईंचं नाव शाळेतल्या सहकारी मॅडमनी सुचवलं. बाहेर बाकांवर गर्दी, आत बाई वयाने साठीच्या पुढच्या. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि चिठ्ठी वाचून वही मागितली. पानं उलटत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमचे ईसीजी कसे काढले? झोपवून ना?"

"हो."

"सगळे?"

"सगळेच."

"आडव्या व्हा. बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही."

मी दहा मिनिटं तपासणीच्या टेबलावर पडून राहिले. सिस्टरनी नाडी आणि बीपी घेतलं: ७६, आणि ११२/७४. मग बाईंनी मला खाली उतरवून भिंतीपासून वीतभर अंतरावर उभं केलं. टेकायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. त्या स्वतः माझं मनगट धरून समोर उभ्या राहिल्या. एक मिनिट, १०६. तीन मिनिटं, ११८. पाचव्याला १२४. माझ्या ओठांना कोरड पडली, हात थरथरायला लागले. त्या म्हणाल्या, "दिसतंय मला. पडणार नाही तुम्ही, मी धरलंय." दहाव्या मिनिटाला १३२, बीपी ११४/८२. बीपी पडलंच नव्हतं. त्यांनी मला आडवं केलं, आणि थोड्याच वेळात ठोके ऐंशीच्या घरात आले. कम्पाउंडर दोनदा दार उघडून बघून गेला, बाईंनी दोन्ही वेळा हातानेच थांब म्हटलं. या सगळ्याला एक रुपयाचंही जास्तीचं यंत्र लागलं नाही. मनगट, घड्याळ, बीपीचा पट्टा. लागली ती दहा-दहा मिनिटं, आणि बाहेर शंभर माणसं बसलेली असताना डॉक्टरकडे तेवढंच नसतं. माझ्या फाईलमधल्या महागड्या चाचण्या याच्या आधी झाल्या, हे मला आजही पटत नाही.

त्यांनी जे समजावलं ते असं. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली, पोटात आणि पायांत उतरतं. निरोगी शरीर तत्क्षणी खालच्या रक्तवाहिन्या आवळतं, पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, आणि ठोके थोडे वाढून तिथेच स्थिरावतात. हे सगळं आपल्या नकळत सांभाळणारी मज्जासंस्था वेगळी असते, तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. काहींच्यात विषाणूचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया अशा कशानंतर तिची घडी विस्कटते. वाहिन्या पुरेशा आवळत नाहीत, काहींच्या शरीरात एकूण रक्ताचं आकारमानच कमी असतं, आणि मेंदूपर्यंत रक्त पोचवायला हृदयाला धावावं लागतं. मी तासगावची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "द्राक्षाच्या बागेत ठिबकची नळी खालच्या अंगाला गळत असली तर मोटर जास्त चालवावी लागते की नाही? मोटर चांगलीच असते. तुमचं हृदय चांगलं आहे."

मोठ्या माणसात, उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहायला हवेत, किशोरवयात ४०. बीपी लक्षणीय पडायला नको. त्रास किमान तीन महिने चाललेला हवा. आणि दुसरं काही कारण सापडायला नको. हे सगळं जुळलं तर त्याला पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात पॉट्स. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या शॉनडॉर्फ आणि लो या डॉक्टरांनी १९९३मध्ये या आजाराला हे नाव आणि व्याख्या दिली. आजार मात्र जुनाच असणार. अमेरिकन यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात आलेल्या धडधडणाऱ्या सैनिकांबद्दल जेकब मेंडेस दा कोस्टा या डॉक्टरने १८७१मध्ये लिहिलं होतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आधी ताप किंवा जुलाब होऊन गेले होते. आज पॉट्सचा अभ्यास करणारे त्या वर्णनाकडे बोट दाखवतात. आता मात्र हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त दिसतो, आणि तोही ऐन कामाच्या वयात. बायकांना 'टेन्शन' ऐकवलं जातं त्याचा आणि याचा संबंध ज्याने त्याने लावावा.

"दुसरं काही कारण सापडायला नको" या वाक्यापायी आणखी काही आठवडे गेले. लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन तपासलं, ते फारच कमी निघालं, त्याची औषधं सुरू झाली. सकाळचं कॉर्टिसॉल, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना हे बघायला २४ तासांची लघवी, पुन्हा थायरॉईड. शेवटी खात्रीसाठी पुण्याला टिल्ट टेबल. एसटीचा संप चालू होता, म्हणून रेल्वेने गेलो. सकाळी उपाशी, पट्ट्यांनी टेबलाला बांधलेलं, हाताला सुई, छातीला तारा. थोडा वेळ आडवं ठेवून टेबल ७० अंशांना उभं केलं. पायांची हालचाल नसल्याने पोटऱ्यांची मदत मिळत नाही, त्यामुळे घरच्यापेक्षा त्रास जास्त झाला. अंगाला दरदरून घाम आला, जीव घाबरा झाला. पण पडद्यावर रेघ चढत होती आणि ती बघणारी माणसं खोलीत होती. नवरा काचेपलीकडे होता. घरच्या वहीत रोज जे लिहीत होतो तेच तिथे छापून आलं.

तिथल्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला: "कधी सलाईन लावली होती का? बरं वाटलं होतं?" मी त्या संध्याकाळच्या स्वयंपाकाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, शिरेतून पाणी आणि मीठ गेलं, रक्ताचं आकारमान तेवढ्यापुरतं वाढलं, म्हणून बरं वाटलं. ही खूण फार बोलकी आहे. निदानाचा एक धागा आमच्या गावातल्या दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात हाती आला होता. म्हणून सांगते, कशाने त्रास होतो याच्याइतकंच कशाने बरं वाटलं तेही डॉक्टरांना सांगा, विचारलं नाही तरी सांगा.

उपचारांत पहिलं औषध मीठ आणि पाणी. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, आणि एकूण मीठ आठ ते दहा ग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांना पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, त्यामुळे घरात एकच गहजब. "हृदयाच्या पेशंटला मीठ वाढवायला सांगणारा कसला डॉक्टर?" सासूबाईंना बीपी आहे, त्यांची भाजी अळणी. आता एकाच ओट्यावर दोन पातेली: त्यांची अळणी, माझी खारी. ताकात मीठ, कोकम सरबतात मीठ, शाळेत ओआरएसची बाटली. एक लिटरच्या एका पुडीत २.६ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे हिशेब सोपा जातो. ज्यांना बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी हे वाचून मीठ वाढवू नये. मला ते डॉक्टरांनी बीपी मोजून, रक्त तपासून दिलं होतं.

पायांत दाबाचे लांब मोजे घालायला सांगितले. सांगलीकडच्या उन्हाळ्यात ते दिवसभर अंगावर ठेवणं कठीण. मग बाईंनीच विचारलं, बाळंतपणातला पोटपट्टा आहे का घरात? होता. पोटाच्या वाहिन्यांत बरंच रक्त साठतं, त्यामुळे पोटावरचा दाब उपयोगी पडतो. साडीच्या आत तो पट्टा बांधून मी अख्खा उन्हाळा शिकवलं. एका वेळी पोटभर जेवण बंद, थोडं थोडं चारदा. आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. उठण्याआधी पडल्या पडल्या दोन ग्लास पाणी. उभं राहावंच लागलं तर पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या, पोटऱ्या उचलत राहायच्या.

व्यायाम हा सगळ्यात कठीण भाग. चालायला जा असं सगळे सांगतात, आणि चाललं की मी दोन दिवस आडवी. त्यामुळे सुरुवात आडव्यानेच: चटईवर पडून पाय उचलणं, हवेत सायकल, मग बसून, आणि काही महिन्यांनी चालणं. पहिले कित्येक आठवडे फरक दिसत नव्हता, उलट थकवा वाढला होता. याच टप्प्यावर बरेच जण सोडून देतात, आणि मला त्यांचं नवल वाटत नाही.

गोळ्यांत आधी प्रोप्रानोलॉल अगदी कमी मात्रेत दिलं. ठोके उतरले, पण दिवसभर अंगात शिसं भरल्यागत सुस्ती. मग आयव्हाब्रॅडीन. हृदयाचा ठोका जिथून निघतो त्या गाठीवरच ते काम करतं, बीपीला फारसा हात लावत नाही. पहिल्या दिवसांत अंधाऱ्या जिन्यातून उजेडात आलं की डोळ्यांपुढे क्षणभर झगमग दिसायची. हा या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून तेही त्यांनी विचारूनच दिलं.

मुख्याध्यापकांकडे निदानाचा कागद घेऊन गेले. त्यांनी सगळा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं उंच स्टूल माझ्या वर्गात फळ्याशेजारी होतं. माझे तास लागोपाठ न ठेवता मधे मोकळे ठेवले. उदाहरणं मुलं फळ्यावर सोडवतात, मी स्टुलावरून चुका धरते. त्या वर्षीच्या वर्गाची वर्गसमीकरणं पक्की झाली, यात त्या स्टुलाचाही वाटा आहे असं मी मानते.

आज मी पूर्ण बरी नाही. एप्रिल-मे जड जातात, पाळीच्या दिवसांत वेळापत्रक हलकं ठेवते, लग्नात अक्षता पडेपर्यंत खुर्चीत बसते आणि कुणाला काय वाटेल याचा विचार करत नाही. पण औषधाची मात्रा अर्ध्यावर आली आहे आणि सकाळच्या भाकऱ्या मी उभ्याने करते. डॉक्टरांच्या मते बऱ्याच जणांचा त्रास काही वर्षांत कमी होतो. माझी रेघ त्या बाजूला चालली आहे.

आता ओळखीतून कुणी ना कुणी विचारायला येतं. मी वही कशी ठेवायची ते सांगते: आधी दहा मिनिटं आडवं, मग आधार न घेता उभं, एक-तीन-पाच-दहा मिनिटांचे आकडे, शेजारी पकडायला माणूस हवा, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच आडवं व्हायचं. आणि छातीत दुखत असेल, श्रम करताना शुद्ध हरपली असेल, आडवं झाल्यावरही ठोके १५०च्या खाली येत नसतील, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर वही राहू द्या, थेट दवाखान्यात जा.

मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीची आई आली. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर उभ्याने काम, तीच धडधड, तेच "टेन्शन घेऊ नका". आम्ही आकडे लिहिले: आडवी ९२, उभी १३०. तिला वाटलं, तिलाही माझंच दुखणं आहे. मला आडवीचे ९२ खटकले. तिला घेऊन मिरजेच्या बाईंकडे गेले. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि आधी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ६.८. पाळीत वर्षानुवर्षं अंगावरून फार जात होतं आणि तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. शिरेतून लोह दिलं, गर्भाशयातल्या गाठीवर उपचार झाले. दोन-तीन महिन्यांनी तिची नाडी पुन्हा मोजली, तेव्हा उभी राहून दहा मिनिटं झाली तरी ती शंभराच्या आतच होती.